कर्णा, माइक आणि आजीची ओवी

गेल्या दिवाळीत मेहकरला आजीच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या. हेडफोनमध्ये आवाज बारीक येत होता म्हणून गेन वाढवत गेलो. खरं तर हेडफोनचंच बटण खाली होतं. रेकॉर्ड होणारा आवाज कधीच शून्य डेसिबलला जाऊन फाटला होता. बीटेक असून हे कळू नये!

जुन्या लोकांकडे गेनचं बटणच नव्हतं. १९०२ मध्ये कलकत्त्यात फ्रेड गैसबर्गने गौहर जानचं गाणं रेकॉर्ड केलं ते कर्ण्यातून. लेव्हल म्हणजे गायक आणि कर्ण्यातलं अंतर, बस्स. १९२५ च्या सुमारास माइक आला, तरी अंतराचं महत्त्व राहिलंच. १९४९ च्या 'महल'मधल्या गाजलेल्या गाण्याचा किस्सा लतादीदीच सांगायच्या: माइकपासून लांब उभं राहायचं आणि गात गात जवळ यायचं. म्हणून तो आवाज दुरून येत गेल्यासारखा वाटतो.

परवा पुन्हा गेलो. आधी आजीला मोठ्यानं म्हणायला लावलं, सगळ्यात चढा आवाज उणे १० डेसिबलच्या आसपास राहील असा गेन ठेवला. २४ बिटमध्ये एवढी जागा सोडली तरी बिघडत नाही. मग हेडफोनचा आवाज कानाला बरा वाटेल तेवढा, वेगळा.

त्या दिवशीची ती लांबलचक ओवी म्हण ना, म्हटलं.

"मले आता याद नाही रे बाबू."