नाव न छापलेली माणसं

अटारी ही व्हिडिओ गेमची कंपनी कशी बुडाली, याचं एक उत्तर ठरलेलं असतं: ‘ई.टी.’ नावाचा एक फसलेला खेळ, त्याच्या न खपलेल्या लाखो प्रती आणि त्या पुरण्यासाठी न्यू मेक्सिकोत खणलेला खड्डा. मला हे उत्तर कधीच पुरेसं वाटलेलं नाही. एका माणसानं पाच आठवड्यांत लिहिलेल्या खेळामुळे अब्जावधी डॉलरची उलाढाल असलेली कंपनी कोसळत नाही. अटारीचा पाया त्याआधी तीन वर्षं हलला होता. चार प्रोग्रॅमर राजीनामा देऊन बाहेर पडले, तेव्हा. त्यांना चांगला मोबदला हवा होता, आणि आपण केलेल्या खेळावर आपलं नावही हवं होतं.

अटारीचे एक संस्थापक नोलन बुशनेल युटा विद्यापीठात शिकत होते आणि सुट्टीत एका करमणूक उद्यानात काम करत होते. १९६२ साली एमआयटीमध्ये काही तरुणांनी ‘स्पेसवॉर’ हा खेळ एका मोठ्या संगणकावर चालवला होता. तो संगणक लाखभर डॉलरच्या घरातला. उद्यानात नाणी टाकून खेळ खेळणारी माणसं बुशनेल रोज पाहत होते. या दोन गोष्टी एकत्र आणायच्या, असं त्यांनी ठरवलं. अँपेक्स कंपनीतले सहकारी टेड डॅब्नी यांच्याबरोबर त्यांनी ‘काँप्युटर स्पेस’ हे नाण्यावर चालणारं यंत्र तयार केलं. ते १९७१ मध्ये बाजारात आलं, पण बारमध्ये बियर पीत बसलेल्या माणसाला झेपेल इतकं ते सोपं नव्हतं. पुढच्या वर्षी, जून १९७२ मध्ये, दोघांनी स्वतःची कंपनी नोंदवली. तिचं ‘अटारी’ हे नाव ‘गो’ या पटावरच्या खेळातल्या जपानी शब्दावरून घेतलं.

अ‍ॅल अल्कॉर्न हा त्यांनी घेतलेला तरुण अभियंता. हात बसावा म्हणून बुशनेल यांनी त्याला एक साधं काम दिलं: दोन फळ्या, मध्ये एक चेंडू. खोटंच सांगितलं की जनरल इलेक्ट्रिकनं मागणी नोंदवली आहे. अल्कॉर्ननं ते काम मन लावून केलं. फळीच्या कोणत्या भागावर चेंडू लागतो, त्यावर तो कोणत्या कोनात परतेल हे ठरवलं, आणि खेळ लांबत गेला की चेंडूचा वेग वाढेल अशी सोय केली. ‘पाँग’ नावाच्या या खेळाचं सगळं मर्म याच दोन गोष्टींत आहे, आणि त्या कुणी सांगितल्या म्हणून आलेल्या नाहीत. पहिलं यंत्र सनीव्हेलमधल्या अँडी कॅप्स टॅव्हर्नमध्ये ठेवलं. काही दिवसांत ते बंद पडल्याची तक्रार आली. अल्कॉर्न पाहायला गेला, तर नाण्यांचा डबा ओसंडून वाहत होता.

टेबल टेनिसची मूळ कल्पना मात्र अटारीची नव्हती. राल्फ बेअर यांनी घडवलेलं मॅग्नावॉक्स कंपनीचं ‘ओडिसी’ हे घरगुती यंत्र बुशनेल यांनी त्याच वर्षी मे महिन्यात एका प्रदर्शनात पाहिलं होतं. प्रकरण कोर्टात गेलं आणि १९७६ मध्ये अटारीनं परवान्याचे पैसे देऊन ते मिटवलं. एका कंपनीची कल्पना दुसरीच्या हातात जाऊन वाढते, हे या धंद्यात पहिल्या दिवसापासून आहे.

पुढची तीन-चार वर्षं भराभर सांगता येतील. १९७५ च्या नाताळासाठी सीअर्स या दुकानसाखळीनं घरगुती पाँगचे दीड लाख संच मागवले. १९७६ मध्ये वॉर्नर कम्युनिकेशन्सनं सुमारे २.८ कोटी डॉलर मोजून अटारी विकत घेतली, कारण पुढच्या यंत्रासाठी लागणारं भांडवल बुशनेल यांच्याकडे नव्हतं. ते यंत्र १९७७ मध्ये १९९ डॉलरना बाजारात आलं: व्हिडिओ काँप्युटर सिस्टिम, नंतरचं नाव अटारी २६००. खेळ यंत्रात कायमचा कोंबलेला नव्हता. तो वेगळ्या कार्ट्रिजमध्ये येई, ज्याला आपल्याकडची मुलं पुढे ‘कॅसेट’ म्हणू लागली. अदलाबदल करता येणारी कार्ट्रिज आधी फेअरचाइल्ड कंपनीनं आणली होती. ती घराघरात नेली अटारीनं.

या यंत्रावर खेळ लिहिणं म्हणजे काय होतं, ते समजून घेतल्याशिवाय पुढचं भांडण कळणार नाही.

त्याची तात्पुरती स्मृती होती १२८ बाइट. रोमन लिपीतला जेमतेम दोन ओळींचा मजकूर मावेल एवढी. पडद्यावरचं अख्खं चित्र साठवून ठेवायला जागाच नव्हती. जुन्या टीव्हीत इलेक्ट्रॉनचा झोत डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली सरकत एकेक ओळ उजळत जातो. अटारीच्या प्रोग्रॅमरला त्या झोताच्या पुढे राहावं लागे. एका ओळीसाठी प्रोसेसरचे ७६ ठोके मिळत. तेवढ्यात, ओळीवर काय दिसायचं ते ठरवून मोकळं व्हायचं, आणि लगेच पुढची ओळ. सेकंदाला साठ वेळा पूर्ण पडदा. गुण मोजणं, आवाज काढणं, जॉयस्टिक कुठे वळली ते पाहणं ही बाकीची कामं झोत खालून वर परत जाईपर्यंतच्या फटीत उरकायची.

शिवाय यंत्राची चिप बनली होती पाँग आणि रणगाड्यांच्या लढाईसाठी. तिला दोन खेळाडू, दोन गोळ्या, एक चेंडू आणि ढोबळ पार्श्वभूमी एवढंच येत होतं. बॉब व्हाइटहेड यांनी तिच्यावर बुद्धिबळ चालवलं. एका रांगेत आठ मोहरी कशी दाखवायची? त्यांनी काही मोहरी सम ओळींवर आणि काही विषम ओळींवर काढली. जवळून पाहिलं तर प्रत्येक सोंगटी खिडकीच्या झडपेसारखी पट्ट्यापट्ट्यांची दिसते, पण घोडा घोडाच वाटतो. हे करायला कुठलं पुस्तक नव्हतं. कल्पना, चित्रं, आवाज, नियम, प्रोग्रॅम हे सगळं एकच माणूस करत असे, बहुतेक वेळा काही महिन्यांत. कादंबरीवर एका लेखकाची छाप असते तितकीच त्या खेळांवर त्या माणसांची होती, असं मी अजिबात न अडखळता म्हणेन.

आणि खोक्यावर नाव असे फक्त अटारीचं.

१९७८ मध्ये वॉर्नरनं रे कॅसार यांना आणलं. ते बर्लिंग्टन इंडस्ट्रीज या कापड कंपनीतून आलेले, शिस्तीचे आणि विक्री जाणणारे. त्याच वर्षाअखेर बुशनेल यांना स्वतःच्या कंपनीतून जावं लागलं. कॅसार यांना कमी लेखणं चूक ठरेल. अटारी अवाढव्य झाली ती त्यांच्याच काळात. बुशनेल यांची अटारी कायम पैशाच्या तंगीत असे. पण कापड विणणाऱ्याचं नाव टॉवेलवर छापत नाहीत, आणि खेळाकडेही त्यांनी त्याच नजरेनं पाहिलं. प्रोग्रॅमरांची नावं बाहेर गेली तर दुसरे त्यांना पळवतील, अशी भीतीही त्यामागे होती.

मग कंपनीच्या विक्री विभागानं एक कागद फिरवला: कोणता खेळ किती खपला, म्हणजे तसे आणखी लिहा. डेव्हिड क्रेन, लॅरी कॅप्लन, अ‍ॅलन मिलर आणि बॉब व्हाइटहेड यांनी त्यावर बेरीज मांडली. क्रेन यांनी नंतर अनेकदा सांगितलंय की अटारीच्या कार्ट्रिज विक्रीतला सुमारे ६० टक्के वाटा या चौघांच्याच खेळांचा निघाला. पगार होता साध्या नोकरदाराचा. चौघं कॅसार यांना भेटले. क्रेन यांच्या आठवणीनुसार उत्तर असं मिळालं की कार्ट्रिज जोडणाऱ्या कामगाराइतकंच तुमचं महत्त्व आहे. १९७९ मध्ये चौघांनी अटारी सोडली आणि जिम लेव्ही यांच्यासह अ‍ॅक्टिव्हिजन काढली. ही कंपनी यंत्र बनवणार नव्हती. अटारीच्या यंत्रात चालणारे खेळ तेवढे बनवणार होती, आणि प्रत्येक खेळाच्या माहितीपुस्तिकेत करणाऱ्याचं नाव आणि फोटो देणार होती.

अटारीतलेच प्रोग्रॅमर वॉरन रॉबिनेट यांनी वेगळी वाट धरली. ‘अ‍ॅडव्हेंचर’ या खेळात त्यांनी एक गुप्त खोली केली. भिंतीत पार्श्वभूमीच्याच रंगाचा एक ठिपका लपवला. तो सापडला, उचलला आणि योग्य जागी नेला, तरच त्या खोलीत शिरता येई, आणि आत झगमगत्या अक्षरांत लिहिलेलं: हा खेळ वॉरन रॉबिनेटनं केला. त्यांनी कुणालाही सांगितलं नाही आणि नोकरी सोडली. खेळ खपू लागल्यावर सॉल्ट लेक सिटीच्या एका शाळकरी मुलानं खोली शोधून अटारीला पत्र लिहिलं. तेव्हा कुठे कंपनीला कळलं. पुन्हा चिप बनवण्याचा खर्च नको म्हणून ती खोली तशीच ठेवली गेली. आज खेळांत मुद्दाम लपवलेल्या अशा गमतींना ‘ईस्टर एग’ म्हणतात. त्यांतलं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे नाव लावायला मिळालं नाही म्हणून केलेली एक सही आहे.

अटारीनं अ‍ॅक्टिव्हिजनवर दावा लावला. १९८२ मध्ये तडजोड झाली, अटारीला स्वामित्वधन मिळू लागलं. पण त्या तडजोडीनं एक गोष्ट पक्की झाली: दुसऱ्याच्या यंत्रासाठी कुणीही खेळ काढू शकतो. कार्ट्रिजला कुलूप नव्हतंच. अटारीतून फुटलेल्या आणखी काही जणांनी इमॅजिक काढली. त्यांच्यामागून ज्यांचा खेळाशी काहीच संबंध नव्हता तेही आले. ओट्स विकणाऱ्या क्वेकर कंपनीचाही कार्ट्रिजचा विभाग होता. क्रेन यांच्या ‘पिटफॉल’शेजारी फळीवर कुणीतरी घाईत उरकलेला खेळ त्याच किमतीला ठेवलेला असे, आणि खोक्यावरून फरक कळत नसे.

अटारी तोवर शिखरावर होती. १९८० मध्ये ‘स्पेस इन्व्हेडर्स’ घरच्या टीव्हीवर आणल्यावर यंत्राचा खप उसळला होता, आणि वॉर्नरच्या नफ्यातला निम्म्याहून अधिक भाग एकटी अटारी देत होती. उशिरा का होईना, प्रोग्रॅमरांना विक्रीवर बक्षीस देणंही सुरू झालं होतं. पण १९८१ च्या शरदात कंपनीनं वितरकांना पुढच्या पूर्ण वर्षाची मागणी आगाऊ नोंदवायला सांगितलं. आधी माल अपुरा मिळायचा म्हणून वितरकांनी फुगवून आकडे दिले. अटारीनं ते खरे मानून उत्पादन केलं. ‘पॅकमॅन’ची घरगुती आवृत्ती लुकलुकणाऱ्या भुतांसह आली, सुमारे १.२ कोटी प्रती काढल्या, त्यातल्या लाखो उरल्या. मग १९८२ च्या जुलैअखेर ‘ई.टी.’ या चित्रपटाचे हक्क घेतले आणि तो खेळ नाताळात दुकानात हवा म्हणून हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ यांना जेमतेम पाच आठवडे दिले. ‘यार्स रिव्हेंज’ या आपल्या गाजलेल्या खेळावर त्यांनी सात महिने घालवले होते.

७ डिसेंबर १९८२ ला वॉर्नरनं जाहीर केलं की अपेक्षेइतकी वाढ होणार नाही. दुसऱ्या दिवशी शेअर सुमारे एक तृतीयांशानं कोसळला. कॅसार यांनी घोषणेच्या २३ मिनिटं आधी आपले ५,००० शेअर विकले होते; जुलै १९८३ मध्ये ते पायउतार झाले. त्या वर्षी अटारीचा तोटा ५० कोटी डॉलरच्या वर गेला. सप्टेंबरात अ‍ॅलमगॉर्डो गावाच्या कचराभूमीत माल पुरला गेला. २०१४ मध्ये तो उकरला तेव्हा ‘ई.टी.’ त्यातला छोटा भाग निघाला. बाकी प्रती कितीतरी वेगवेगळ्या, चांगल्या खपलेल्या खेळांच्याही होत्या. त्या खड्ड्यात गेलेला माल खोट्या मागणीवर काढलेला होता.

निंटेंडोनं हे सगळं लांबून पाहिलं. १९८३ मध्ये आपलं फॅमिकॉम हे खेळाचं यंत्र जपानबाहेर विकण्यासाठी तिची अटारीशीच बोलणी चालली होती; ती फिसकटली. १९८५ मध्ये निंटेंडो स्वतः अमेरिकेत उतरली ती यंत्रात कुलपाची चिप बसवून. परवानगीशिवाय कुणाचा खेळ चालू नये, हा धडा अटारीच्या पडझडीतून घेतलेला. नव्वदीत आपल्याकडे मे महिन्याच्या सुट्टीत टीव्हीला जोडली जाणारी स्वस्त यंत्रं बहुतेक याच फॅमिकॉमच्या नकला होत्या.

जुलै १९८४ मध्ये वॉर्नरनं अटारीचा घरगुती धंदा कमोडोर या संगणक कंपनीचे संस्थापक जॅक ट्रॅमिएल यांना दिला. रोख पैसे हातात आले नाहीत, वचनचिठ्ठ्या आल्या. १९९८ मध्ये हॅस्ब्रोनं अटारीचं नाव आणि हक्क ५० लाख डॉलरना घेतले. अ‍ॅक्टिव्हिजनही एकदा दिवाळखोरीपर्यंत जाऊन आली, हात बदलले, दुसऱ्या कंपन्या तिच्यात मिसळल्या, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ती सुमारे ६,९०० कोटी डॉलरना विकत घेतली. चौघं संस्थापक तिथून कधीच निघून गेले होते. मिलर आणि व्हाइटहेड यांनी १९८४ मध्ये अ‍ॅकोलेड नावाची आणखी एक कंपनी काढली, आणि क्रेन १९८६ मध्ये बाहेर पडून पुढची कित्येक वर्षं खेळ लिहीत राहिले.