परग्रहावरचा लांडगा आणि कोहिनूर

पौर्णिमेच्या रात्री माणसाचा लांडगा होतो, ही युरोपीय लोककथांतील जुनी समजूत. अशा माणसाला इंग्रजीत ‘वेअरवुल्फ’ म्हणतात. त्यातील ‘वेअर’ हा जुन्या इंग्रजीतील पुरुषवाचक शब्द. लोककथेत हे रूपांतर शापाने घडते. विज्ञानकथेला शाप चालत नाही, कारण लागते. परग्रहवासीयांच्या भेटीवर बेतलेल्या गमतीदार विज्ञानकथांनी ते सोपे करून टाकले : हा लांडगा मुळी पृथ्वीवरचा नाहीच!

बीबीसीची ‘डॉक्टर हू’ ही १९६३ साली सुरू झालेली मालिका याचे उत्तम उदाहरण होय. तिच्यातील १९८८-८९च्या एका सर्कशीच्या कथेत मॅग्ज ही तरुणी व्हल्पाना नावाच्या ग्रहावरची दाखवली आहे. तिचा स्वार्थी सोबती कृत्रिम चांदणे पाडून तिला लांडगी बनवतो आणि स्वतःच तिला बळी पडतो.

रसेल टी. डेव्हिस यांनी लिहिलेला ‘टूथ अँड क्लॉ’ हा भाग २२ एप्रिल २००६ रोजी प्रसारित झाला. काळ १८७९चा, स्थळ स्कॉटलंड. आकाशातून पडलेला एक परका जीव पिढ्यानपिढ्या माणसांच्या शरीरांत आश्रय घेत राहिला आहे. आता त्याला राणी व्हिक्टोरियाला चावून साम्राज्यच बळकवायचे आहे. त्याचा शेवट होतो तो भारतातून नेलेल्या कोहिनूरने. दुर्बिणीतून एकवटलेले चांदणे हिऱ्यातून लांडग्यावर पडते आणि जे त्याचे बळ, तेच अतिरेकाने त्याचा घात करते. १८५२ मध्ये राणीचे पती अल्बर्ट यांच्या देखरेखीखाली कोहिनूरला नव्याने पैलू पाडले गेले व त्याचे वजन सुमारे १८६ कॅरटवरून १०६ कॅरटपर्यंत घटले, हा खरा इतिहास. कथेत मात्र ही कापणी लांडग्याच्या सापळ्यासाठीच होती!

राणीच्या नावावर खपणारे नापसंतीचे प्रसिद्ध वाक्य तिच्याकडून वदवून घेण्याची पैज डॉक्टर आणि त्याची सोबतीण रोझ यांच्यात लागते. आसपास माणसे मरत असताना ही थट्टा चालूच राहते. संकट टळल्यावर राणी दोघांना मानाचे किताब देते आणि लगेच राज्यातून हद्दपार करते. परग्रहवासीयांशी लढण्यासाठी ती ‘टॉर्चवुड’ संस्था स्थापन करते. पुढे तीच डॉक्टरला महागात पडते.

लांडगा जातो, पण परक्याचे भय मागे उरते. हसता हसता ही कथा तेवढे सांगून जाते.