इंदूरचा गोबर-धन प्रकल्प: ओल्या कचऱ्यातून बसचं इंधन

इंदूरच्या घराघरांतून उचललेली भाज्यांची देठं, फळांची सालं आणि शिळं अन्न देवगुराडियाच्या ‘गोबर-धन’ प्रकल्पात जातं. १९ फेब्रुवारी २०२२ रोजी उद्घाटन झालेल्या या प्रकल्पाची क्षमता रोज ५५० टन ओल्या कचऱ्याची आहे. त्यातून दिवसाला सुमारे १७ हजार किलो बायो-सीएनजी आणि १०० टन खत मिळू शकतं. या गॅसवर शहर बसही धावतात.

खरं काम सूक्ष्मजीवांचं. हवाबंद टाकीत काही जिवाणू कचरा कुजवून आम्लं तयार करतात. दुसरे सूक्ष्मजीव त्यापासून मिथेन बनवतात. गावाकडच्या गोबरगॅसमध्येही हेच घडतं. इथे फक्त कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड काढून टाकून गॅस गाडीत भरण्याजोगा केला जातो.

मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव मात्र नाजूक असतात. टाकीत एकदम जास्त अन्न पडलं, तर आम्ल वाढून गॅस कमी होतो. प्लास्टिक तर त्यांना पचतच नाही. म्हणूनच इंदुरात ओला-सुका कचरा घरातच वेगळा करून घेतात. बेळगाव असो वा वडोदरा, यंत्रं विकत आणता येतील. ही सवय मात्र घरोघरीच लागायला हवी.