चौथीतला अफजलखान

माझा मुलगा चौथीत होता तेव्हाची गोष्ट. आम्ही धरमपेठेत राहतो, शाळा घरापासून पायी दहा मिनिटांवर. एका दुपारी तो घरी आला आणि दप्तर टाकून गप्प बसून राहिला. त्याच्या अम्मीने विचारलं, काही बोलला नाही. रात्री जेवताना त्याने मला प्रश्न केला, "अब्बू, अफजलखान आपला कोण लागतो?"

त्या दिवशी वर्गात प्रतापगडाचा धडा झाला होता. मधल्या सुट्टीत कोणीतरी त्याच्याकडे बोट दाखवून म्हणालं, "हा पाहा बे, खानाचा माणूस!" सगळे हसले. दुसऱ्या दिवशी तीच पोरं त्याच्यासोबत क्रिकेट खेळली. मुलं दुष्ट नव्हती, आणि मॅडमनी तर पुस्तकात होतं तेच वाचून दाखवलं होतं. मला नवल वाटलं नाही. मी चौथीत असताना माझ्याही वर्गात हेच झालं होतं, फक्त मी घरी कोणाला विचारलं नव्हतं.

आपल्या राज्यात चौथीच्या वर्गाला 'शिवछत्रपती' हे पुस्तक १९७० पासून आहे. महाराष्ट्रातल्या मुलाने शिवाजी महाराजांचं चरित्र वाचायलाच हवं, माझ्या मुलानेही. माझी तक्रार धड्याविरुद्ध नाही. तो धडा एकदा शिकवून झाल्यावर आपण मुलाला तिथेच सोडून देतो, ही माझी तक्रार आहे.

शालेय वर्षांचा क्रमच पाहा. गेल्या दशकात आलेल्या बालभारतीच्या पुस्तकांत चौथीला शिवचरित्र, पाचवीला आदिमानव, सहावीला प्राचीन भारत, सातवीला मध्ययुग, आठवीला इंग्रजी राजवट आणि स्वातंत्र्यलढा, नववीला स्वतंत्र भारत. आणि दहावीला इतिहास कसा लिहितात, साधनं कशी तपासतात, याची ओळख. म्हणजे सगळ्यात तापलेली कथा नऊ वर्षांच्या मुलाच्या हाती, आणि 'हे आपल्याला कशावरून कळलं?' हा प्रश्न पंधराव्या वर्षी. तोपर्यंत मध्ययुग मागे पडून तीन वर्षं झालेली असतात. दहावीत शिकलेली पद्धत चौथीच्या धड्याला लावून पाहा, असं कोणी सांगत नाही. त्यामुळे वकील, डॉक्टर, इंजिनीअर झालेल्या माणसाच्या डोक्यातही मध्ययुग नऊ वर्षांच्या मुलाचंच राहतं. गणितात असं होत नाही. चौथीचा अपूर्णांक सातवीत पुन्हा भेटतो, दहावीत बीजगणित होऊन येतो.

प्रतापगडाचा प्रसंग मोठ्या वयात पुन्हा उघडला तर काय दिसेल? १० नोव्हेंबर १६५९. खानाचा वकील कृष्णाजी भास्कर, महाराजांचे वकील पंताजी गोपीनाथ. खानाच्या बाजूने खंडोजी खोपडे, महाराजांच्या अंगरक्षकांत सिद्दी इब्राहीम. खान मेल्यावर त्याची कबर तिथेच गडाखाली बांधली गेली. सहा वर्षांनी पुरंदरावर मोगलांतर्फे चालून आले ते मिर्झाराजे जयसिंग. हे सगळं चौथीत सांगायची गरज नाही. पण सातवीत 'दोन्ही बाजूंची माणसं कोण होती?' एवढा एक प्रश्न विचारला, तर मुलांना आपोआप कळतं की ही राज्याराज्यांतली लढाई होती.

२०१७ मध्ये सातवीचं पुस्तक बदललं आणि मोगलांचा भाग मोजक्या ओळींवर आला. राज्याचं पुस्तक आहे, त्यात मराठ्यांच्या इतिहासाला अधिक जागा मिळावी हे समजण्यासारखं आहे. पण वगळल्याने वर्गात काय घडतं, तेही पाहावं. अकबर, मलिक अंबर, आदिलशाहीतला इब्राहीम यांना पानं उरली नाहीत, आणि अफजलखान मात्र जागेवर आहे. मग त्या मुलाच्या मनात मुसलमान म्हटलं की एकच चेहरा उरतो.

आता आपल्या घराकडेही पाहू. मुलाच्या प्रश्नावर माझ्या तोंडी पहिल्यांदा आली ती नेहमीची यादी: मदारी मेहतर, आरमाराचा दौलतखान, काझी हैदर, पुढे पानिपतावर इब्राहीमखान गारदी. ही नावं सांगायलाच हवीत. पण आपण ती साक्षीदार उभे केल्यासारखी सांगतो. मुलाने गुन्हा केलेला नाही, त्याला साक्षीदार कशाला? आणि यादी संपली की काही घरांत दुसरं टोक सुरू होतं: आपण इथले राज्यकर्ते होतो, ताजमहाल आपला, लाल किल्ला आपला. माझे पणजोबा मोमिनपुऱ्यात मागावर लुगडी विणत होते, आजोबा एम्प्रेस मिलच्या खात्यात उभे राहून सूत जोडत होते. त्या मिलचा भोंगा नागपुरात १८७७ पासून वाजत होता. आमचा लाल किल्ल्याशी संबंध एवढाच की आम्ही सहलीला जाऊन तिकीट काढून तो पाहिला. शाळेच्या पुस्तकात आम्ही नाही, हे मी ओरडून सांगतो. पण मुलाला मागाचा इतिहास घरी तरी कधी सांगितला?

म्हणून त्या रात्री मी यादी थांबवली आणि म्हणालो, "अफजलखान आपला कोणी लागत नाही. १५ ऑगस्टला आपण सीताबर्डीच्या किल्ल्यावर जाऊ."

किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट अशा मोजक्या दिवशी लोकांना आत सोडतात. धरमपेठेतून तो दोन-तीन किलोमीटरवर. रोज बर्डीला जाणारे आपण, पण वर चढलेले किती? नोव्हेंबर १८१७ मध्ये या टेकड्यांवर आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रज लढले. भोसल्यांकडून चिवटपणे लढणाऱ्यांत अरब शिपाई होते, आणि इंग्रजांच्या बाजूचे बहुतेक शिपाई मद्रास आणि बंगालच्या पलटणींतले हिंदीच होते. चाळीस वर्षांनी, १८५७ मध्ये, उठावाच्या कटासाठी नवाब कादर अली आणि त्यांच्या साथीदारांना याच किल्ल्यावर फाशी झाली. त्यांची लांबलचक कबर तिथे आहे, लोक तिला नवगजअली बाबांची कबर म्हणतात. त्याच वेळी भोसल्यांच्या वयोवृद्ध बाकाबाई उठावापासून दूर राहिल्या. त्यांचं राज्य तीन वर्षांपूर्वीच खालसा झालं होतं, हेही मुलाला सांगावं लागतं. नाहीतर तो एकाला शूर आणि दुसऱ्याला भित्रा ठरवून मोकळा होतो.

येताना विधानभवनाजवळचा बख्त बुलंद शहाचा पुतळा दाखवला. देवगडचा हा गोंड राजा गादीसाठी औरंगजेबाच्या दरबारी गेला, मुसलमान झाला, गादी मिळवली, पण सोयरिकी गोंडांतच ठेवल्या. मग त्याच औरंगजेबाविरुद्ध उठला. बादशहाने चिडून त्याचं नाव 'बुलंद नशिबाचा' याऐवजी 'खोट्या नशिबाचा' करायला लावलं, असं सांगतात. याच राजाने बारा वस्त्या जोडून १७०२ च्या सुमारास आपलं नागपूर वसवलं. पुढे गोंडांच्या भाऊबंदकीत राणीच्या बोलावण्यावरून रघूजी भोसले आले आणि राज्य भोसल्यांकडे गेलं.

मुलगा बराच वेळ पुतळ्याकडे पाहत होता. म्हणाला, "मग हा कोणाच्या बाजूचा?"

मला हाच प्रश्न हवा होता. उत्तर मी दिलं नाही, तूच शोध म्हणालो.

माझं म्हणणं एवढंच. तिसरी-चौथीत सुरुवात आपल्या गावापासून करा: विहीर, तलाव, माग, किल्ला, आजीच्या आठवणी. शिवचरित्र सांगा, पण धड्याच्या शेवटी 'हे आपल्याला कशावरून कळलं?' एवढी एक ओळ ठेवा. सातवीत तीच गोष्ट दोन्ही बाजूंच्या कागदांतून वाचा. दहावीत पद्धत शिकवताना उदाहरण दुरून आणू नका, चौथीचंच पुस्तक पुन्हा उघडा. आणि शाळा करत नसेल तर वर्षातून तीन दिवस किल्ला उघडा असतोच. शेजारच्या मुलांनाही सोबत घ्या. आम्ही पुढच्या २६ जानेवारीला सहा पोरं घेऊन गेलो, त्यात मधल्या सुट्टीत बोट दाखवणारा तोही होता. कबरीपाशी त्याने माझ्या मुलाच्या आधी विचारलं, "काका, यांना फाशी काऊन दिली?"