फूटपाथ असूनही लोक रस्त्यावरून का चालतात? पुण्याच्या उदाहरणातून समजून घ्या

२०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ लोकांचा मृत्यू झाला. त्यातले ३२,८२५ जण पायी चालणारे होते. म्हणजे जवळपास दर पाचातला एक.

पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण आणि २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला. मग अडतंय कुठे?

फूटपाथ कसा हवा?

इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि फूटपाथची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. उंची वाढली की वयस्कर माणसं चढत नाहीत, व्हीलचेअर तर जातच नाही.

‘मोकळी’ हा शब्द इथे महत्त्वाचा. झाडं, विजेचे खांब, डीपी, हातगाड्या यांच्यासाठी कडेला वेगळा पट्टा लागतो. तो नसेल तर सगळं चालण्याच्या जागेत येतं आणि माणूस रस्त्यावर उतरतो. जंगली महाराज रस्त्यावर फूटपाथ रुंद करून बसायला आणि पार्किंगला ठरावीक जागा दिली, ती याच विचारातून.

सायकल ट्रॅकचं काय?

पुण्यात २००६ मध्ये बीआरटी सुरू झाली. त्या रस्त्यांच्या कडेला सायकल ट्रॅकही झाले, पण ते सलग राहिले नाहीत. ट्रॅक चौकातच संपला, तर सर्वात धोक्याच्या जागी सायकलवाला गाड्यांमध्ये सापडतो. २०१७ मध्ये ॲपवर भाड्याच्या सायकली आल्या आणि काही काळात दिसेनाशाही झाल्या.

आणि रिक्षा?

रिक्षाला अनेकदा कोंडीचं कारण मानलं जातं. पण मेट्रो किंवा बसमधून उतरल्यावर घरापर्यंतचा शेवटचा टप्पा अनेक जण रिक्षानेच गाठतात. स्टेशनजवळ स्टँड आखलेला नसेल, तर रिक्षा बसस्टॉपवर किंवा चौकाच्या तोंडाशीच थांबणार.

मूळ मुद्दा काय?

रस्ता आखताना आधी गाड्यांच्या लेन ठरतात आणि उरलेली जागा फूटपाथला मिळते. २००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणाने मात्र रस्त्याची जागा वाहनांऐवजी माणसांचा विचार करून वाटायला सांगितलं आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही वापरण्याजोगा फूटपाथ हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला.

त्यामुळे तुमच्या भागात नवा फूटपाथ होत असेल, तर खांब आणि झाडं सोडून चालायला १.८ मीटर उरतात का, हे टेप लावून बघा.