प्रेरित वाहतूक (टोल रस्त्यांवरील)

नवा रस्ता बांधल्याने किंवा जुना रुंद केल्याने, निव्वळ त्या सोयीपायी वाढणारी वाहतूक. पूर्वी टाळला जाणारा प्रवास होऊ लागणे, एसटी-रेल्वेचे प्रवासी मोटारीकडे वळणे, गर्दी टाळून पहाटे निघणारे पुन्हा सोयीच्या वेळी निघणे, पुढे घरे-गोदामेही लांब जाणे, हे सारे तिच्यात येते. अँथनी डाउन्स यांनी 1962 मध्ये हा विचार मांडला. ड्युरँटन व टर्नर यांना 2011 मध्ये असे आढळले की अमेरिकी महानगरांत मार्गिका ज्या प्रमाणात वाढल्या, जवळपास त्याच प्रमाणात वाहनांनी कापलेले अंतरही वाढले. युरोपीय शहरांत, जिथे टोल आहे तिथे, हा परिणाम सौम्य दिसतो.

मात्र टोल आहे म्हणजे गर्दीला लगाम बसतोच असे नाही. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर (2002, सुमारे 94 किमी) मोटारीचा टोल 2023 मध्ये 270 रुपयांवरून 320 झाला. पण मंगळवारी मध्यरात्री आणि शनिवारी सकाळी दर एकच. जोडून सुट्ट्या आल्या की खंडाळ्याच्या घाटात रांगा लागतात, कारण तिथे जुना महामार्गही याच सहा मार्गिकांत येऊन मिसळतो. घाट टाळणाऱ्या 13 किमीच्या ‘मिसिंग लिंक’ने ही कोंडी सुटेल; पण टोल सरसकट राहिला तर मोकळी झालेली जागा नवी वाहने भरून काढतील, असाच प्रस्तुत नोंदकाराचा कयास आहे. याउलट सिंगापूर 1998 पासून वेळेनुसार दर आकारते.

समृद्धी महामार्ग (701 किमी, 2022 ते 2025 दरम्यान टप्प्याटप्प्याने खुला) हे प्रकरण वेगळे. त्यावरची सगळी वाहतूक प्रेरित नव्हे. जालना-वैजापूरच्या जुन्या रस्त्यावरून आलेली वाहने वजा केल्याशिवाय नवी मागणी कळत नाही. छत्रपती संभाजीनगरला सावंगी व माळीवाडा येथे उतरता येते. सावंगीला उतरून हर्सूलमार्गे औरंगपुऱ्यात खरेदीला येणाऱ्याने टोल किलोमीटरप्रमाणे भरलेला असतो, तोही फक्त महामार्गापुरता. तिथल्या सरस्वती भुवन शिक्षणसंस्थेच्या परिसरात दुचाक्या आणि हातगाड्यांमधून मोटार लावायला जागा शोधताना तो जी कोंडी करतो, तिचा दर कोणत्याच नाक्यावर वसूल होत नाही. द्रुतगती मार्गांच्या वाहतूक अंदाजांत शहरातल्या या शेवटच्या दोन-चार किलोमीटरचा हिशेबही धरायला हवा.