शनिवारी मऊ, सोमवारी कठीण

मंडळी, घरातले जर्मनचे पातेले हातातून पडले की त्याला पोचा येतो, हे लहान मुलालाही ठाऊक आहे. आपण ज्याला जर्मन म्हणतो ते म्हणजे अॅल्युमिनियम. वजनाला हलके, पण अंगात जोर कमी. मग याच धातूचे विमान आभाळात टिकते कसे? त्याच्या पंखांना पोचे का पडत नाहीत? या प्रश्नाचे उत्तर एका शनिवार-सोमवारच्या गोष्टीत दडलेले आहे.

गोष्ट १९०६ सालची. जर्मनीत बर्लिनजवळ नॉयबाबेल्सबर्ग येथे आल्फ्रेड विल्म नावाचे धातुशास्त्रज्ञ काम करीत. काडतुसाची पुंगळी पितळेची असे. ती अॅल्युमिनियमची करता येईल का, याचा ते शोध घेत होते. आपला लोहार विळा तापवून त्याला पाणी देतो, आणि पोलाद तिथल्या तिथे कडक होते. विल्म यांनी तीच युक्ती येथे चालवून पाहिली. अॅल्युमिनियममध्ये शेकडा सुमारे ४ भाग तांबे आणि अर्धा भाग मॅग्नेशियम मिसळले, ते सुमारे ५२० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवले आणि झटकन पाण्यात बुडवले. शनिवारी मोजले, तर धातू मऊच! उरलेली मोजणी सोमवारवर गेली. आणि सोमवारी पाहतात तो काय, कोणी हात न लावता धातू पुष्कळ कठीण झालेला!

ड्यूरेन गावच्या कारखान्याने १९०९ साली हा धातू करण्याचे हक्क घेतले. गावाच्या नावावरून त्याला ‘ड्युरॅल्युमिन’ हे नाव पडले. पहिल्या महायुद्धात झेपेलिन हवाई जहाजांचे सांगाडे त्याचे झाले. १९१९ साली युंकर्स कंपनीचे संपूर्ण धातूचे प्रवासी विमानही त्याच्याच बळावर उडाले.

पण धातू कठीण का झाला, हे मात्र कोणालाच उमगत नव्हते. सूक्ष्मदर्शकाखाली काहीच फरक दिसेना. १९१९ साली अमेरिकेच्या ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधील मेरिका, वॉल्टेनबर्ग आणि स्कॉट या तिघांनी उलगडा केला. तो आपल्याला खडीसाखरेवरून चांगला समजेल.

गरम पाण्यात साखर पुष्कळ विरघळते, थंड पाण्यात कमी. दाट पाक सावकाश निवू दिला की जादा साखर दोऱ्यावर खडे होऊन बसते. घट्ट धातूच्या पोटातही असेच विरघळणे चालते. ५४८ अंशांवर अॅल्युमिनियममध्ये शेकडा ५.६ भागांच्या आसपास तांबे विरघळून राहते. थंड झाल्यावर अर्धा भागही राहत नाही. पाण्यात बुडवून धातू एकदम थंड केला की तांब्याला बाहेर पडायला वेळच मिळत नाही, ते आत कोंडले जाते. मग तास-दोन तास, दिवस-दोन दिवस ते हळूहळू एकत्र येऊ लागते, त्याचे अतिसूक्ष्म पुंजके बनतात. १९३८ साली फ्रान्समध्ये गिनिए आणि ब्रिटनमध्ये प्रेस्टन यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, क्ष-किरणांनी या पुंजक्यांचा पुरावा मिळवला.

धातू वाकतो तेव्हा त्याच्या आतले अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात. हे पुंजके त्या सरकण्याला आडवे येतात. मात्र धातू फार वेळ तापत ठेवला तर लहान कण जाऊन थोडे मोठे कण उरतात आणि धातू पुन्हा मऊ पडतो. शेतात जागोजाग छोटे बांध घातले तर पाणी अडते. तीच माती दोन-चार ठिकाणी ढीग करून टाकली तर पाणी मधून निघून जाते. तांबे तेवढेच, पण ते कसे पसरले आहे यावर सारे अवलंबून!

कारागिरांनी याचा उपयोगही करून घेतला. अशा धातूचे काही रिवेट पाणी दिल्यावर लगेच बर्फाच्या पेटीत ठेवतात. थंडीत तांबे जागचे हलत नाही, रिवेट मऊ राहतो; ठोकून बसवला की जागेवरच कठीण होतो.

आणखी एक नवल ऐका. राइट बंधूंच्या १९०३ सालच्या विमानाच्या इंजिनाचा सांगाडा शेकडा सुमारे ८ भाग तांबे असलेल्या अॅल्युमिनियमचा होता. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत त्यातही हेच कण सापडले. म्हणजे विल्म यांच्या आधीच ही क्रिया माणसाच्या उपयोगी पडत होती. माणसालाच तिची ओळख नव्हती.

विल्म यांनी १९१९ च्या सुमारास संशोधन सोडले आणि शेती धरली. १९३७ साली ते वारले; क्ष-किरणांचा पुरावा आला तो पुढच्या वर्षी. सोमवारचा आकडा शनिवारच्या आकड्याशी जुळला नाही, तेव्हा तो चुकला म्हणून त्यांनी खोडला नाही, हे त्यांचे मोठेपण. गुरुजींनो, वर्गात पाकात दोरा सोडून खडीसाखर करून दाखवा, आणि मुलांना रोजचा आकडा जसा दिसेल तसाच लिहायला सांगा.